ड्राइव्हच्या आधीचा फ्यूज : एका मतभेदाची चिकित्सा

कारखान्यातील तीन फेजच्या मोटारीचा वेग हवा तसा कमी-अधिक करणारे उपकरण, ज्याला व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह आणि रोजच्या बोलण्यात नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात, ते आता लहानमोठ्या सर्वच उद्योगांत पोहोचले आहे. मात्र त्याच्या आधी, म्हणजे वीज जिकडून येते त्या बाजूला, फ्यूज लावावा की ब्रेकर, आणि तो किती अँपिअरचा असावा, हे ठरवताना अजूनही पुष्कळदा मोटारीच्या नेमप्लेटकडेच पाहिले जाते. ही सवय अज्ञानातून आलेली नाही. मोटार थेट लाइनवर सुरू होत असे त्या काळातील पक्क्या अनुभवातून ती आली आहे, आणि म्हणूनच ती बाजूला सारण्यापूर्वी तिच्यामागचा तर्क समजून घेणे आवश्यक ठरते.

पुढील संवाद पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही साखर कारखान्यात सहज उद्भवेल अशा एका प्रश्नाभोवती मांडला आहे. गव्हाणीतून ऊस पुढे नेणाऱ्या केन कॅरिअरच्या ३७ किलोवॉटच्या मोटारीवर ड्राइव्ह बसवायचा आहे. पूर्वी तेथे स्थिर वेगाची मोटार आणि तिच्यापुढे एडी करंट कपलिंग असे, त्यामुळे वेग बदलत असला तरी मोटार नेहमीच्या स्टार्टरवरच चाले. संवादातील एक बाजू कारखान्याच्या ज्येष्ठ विद्युत अभियंत्यांची आहे, ज्यांच्या डोळ्यांसमोर गळीत हंगामात थांबलेली गव्हाण असते. दुसरी बाजू नवीन पॅनेलचा आराखडा करणाऱ्या रचनाकार अभियंत्यांची आहे, ज्यांच्या समोर ड्राइव्हची पुस्तिका आणि पुरवठ्याचा हिशेब असतो.

ज्येष्ठ अभियंत्यांचे म्हणणे सरळ आहे. “मॅडम, ३७ किलोवॉटची मोटार ४१५ व्होल्टला पूर्ण भारावर साधारण ६५ अँपिअर घेते; तिला १०० अँपिअरचा एमसीसीबी लावायचा आणि त्याचे मॅग्नेटिक सेटिंग दहापट ठेवायचे, हे गणित आजवर कधी चुकलेले नाही.” एमसीसीबी, म्हणजे मोल्डेड केस सर्किट ब्रेकर, यात दोन यंत्रणा एकत्र काम करतात: द्विधातूची पट्टी जादा भाराने हळूहळू तापून वाकते आणि ब्रेकर पाडते, तर चुंबकीय यंत्रणा शॉर्ट सर्किटच्या मोठ्या प्रवाहाला क्षणात ओळखते. थेट लाइनवर सुरू होणारी मोटार पहिल्या काही सेकंदांत पूर्ण भाराच्या सहा ते सात पट, म्हणजे येथे चारशे अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते, आणि स्विच लागताच पहिल्या अर्ध्या आवर्तनात तर त्याहूनही उंच शिखर येते. त्या धक्क्याने ब्रेकर विनाकारण पडू नये म्हणून चुंबकीय यंत्रणा दहापटीवर न्यावी लागते. या गणितातील प्रत्येक आकडा मोटारीच्या सुरुवातीच्या झटक्याशी बांधलेला आहे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

रचनाकारांचा पहिला आक्षेप नेमका याच झटक्यावर आहे. “साहेब, ड्राइव्ह बसल्यावर तो झटका पुरवठ्याकडून येतच नाही, आणि पुरवठ्याला मोटार दिसतही नाही, दिसतो तो फक्त ड्राइव्हचा दिष्टीकारक.” ड्राइव्हच्या पोटात तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात सहा डायोडांचा दिष्टीकारक, म्हणजे रेक्टिफायर, प्रत्यावर्ती दाबाचे एकदिश दाबात रूपांतर करतो, जो ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ५६० व्होल्ट भरतो. दुसऱ्या टप्प्यात मोठे संधारक, म्हणजे कपॅसिटर, तो दाब साठवून सपाट ठेवतात. आणि तिसऱ्या टप्प्यात आयजीबीटी नावाचे अर्धवाहक स्विच त्यातून हव्या त्या वारंवारतेचा तीन फेजचा पुरवठा नव्याने तयार करून मोटारीला देतात. वारंवारता शून्याजवळून चढत जात असल्याने मोटार सहापट प्रवाह ओढतच नाही, आणि जड कामासाठी निवडलेला ड्राइव्हही साधारणपणे एका मिनिटापुरता दीडपटच प्रवाह देऊन स्वतःला आवरतो. पुरवठा देताच रिकाम्या संधारकांनी ओढला असता तो प्रवाहसुद्धा सुरुवातीला एका रोधातून जाऊ दिला जातो. याच कारणाने ड्राइव्हच्या आधीच्या कॉन्टॅक्टरने मोटार वारंवार चालू-बंद करू नये. तसे केल्यास तो रोध हकनाक जळतो.

मग ड्राइव्ह पुरवठ्याकडून किती प्रवाह घेतो? मोटारीच्या ६५ अँपिअरमधील चुंबकन-प्रवाहाचा भाग ड्राइव्हमधील संधारक आणि मोटार यांच्यातच फिरत राहतो, तो पुरवठ्यातून येत नाही. मोटार आणि ड्राइव्ह यांचे व्यय धरूनही पुरवठ्याकडून घ्यावी लागणारी शक्ती सुमारे ४१ किलोवॉट, आणि त्यासाठीचा मूळ वारंवारतेचा प्रवाह सुमारे ५८ अँपिअर भरतो. येथवर पाहता ज्येष्ठ अभियंत्यांचा ब्रेकर गरजेपेक्षा बराच मोठा वाटेल. परंतु डायोड दाबाच्या माथ्यावरच उघडतात, त्यामुळे प्रवाह अखंड लाटेसारखा न येता टोकदार स्पंदांनी येतो आणि त्यात पाचव्या, सातव्या अशा चढत्या क्रमांकांचे हार्मोनिक मिसळतात. ड्राइव्हच्या आत किंवा आधी योग्य चोक, म्हणजे प्रवाहाचे स्पंद बोथट करणारे वेटोळे, असेल आणि हार्मोनिकमुळे येणाऱ्या विकृतीचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिले, तर एकूण परिणामी प्रवाह सुमारे ६२ अँपिअर होतो. चोक नसेल आणि तेच प्रमाण शंभर टक्क्यांपर्यंत गेले, तर तोच ड्राइव्ह, त्याच मोटारीसाठी, ८२ अँपिअर ओढतो. एकच मोटार, एकच काम, आणि पुरवठ्याच्या बाजूला वीस अँपिअरचा फरक! मोटारीची नेमप्लेट हा फरक सांगू शकत नाही. तो फक्त ड्राइव्हच्या पुस्तिकेतील ‘इनपुट करंट’च्या रकान्यात सापडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनेही ड्राइव्हच्या आधीच्या केबलचा हिशेब मोटारीच्या प्रवाहावर न करता ड्राइव्हच्या इनपुट प्रवाहाच्या १२५ टक्क्यांवर करण्यास सांगितले आहे, ते याच कारणाने.

या टप्प्यावर ज्येष्ठ अभियंते माघार घेत नाहीत, आणि त्यांचा प्रतिप्रश्न रास्त आहे. ६२ असो वा ८२, त्यांचा १०० अँपिअरचा ब्रेकर दोन्हींना पुरतो; दीडपट भाराचे एक मिनिटही तो निभावून नेईल; मग बिघडले कुठे? बिघाडाची एक शक्यता उष्णतेत आहे. एमसीसीबीची द्विधातू-पट्टी सामान्यतः ४० अंश सेल्सिअस तापमानाला जुळवलेली असते, तर ड्राइव्ह आपल्या क्षमतेच्या सुमारे तीन टक्के, म्हणजे येथे एक किलोवॉटहून अधिक उष्णता त्याच बंद पॅनेलमध्ये सोडतो. बगॅसच्या भुकटीने पंख्याची जाळी भरली आणि आतले तापमान पंचावन्न अंशांवर गेले की १०० अँपिअरच्या ब्रेकरची खरी क्षमता नव्वदच्याही खाली उतरू शकते, आणि चोक नसलेल्या ड्राइव्हचे ८२ अँपिअर त्याच्या अगदी काठाशी येऊन बसतात. मार्च महिन्यात भर दुपारी पडणारा आणि रात्री न पडणारा ब्रेकर बहुधा याच जातीचा असतो. ज्या ब्रेकरमध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रिप असते, तो प्रवाहाचे खरे परिणामी मूल्य मोजणारा हवा; नुसते शिखर मोजणारी जुन्या पद्धतीची ट्रिप टोकदार स्पंदांनी फसते आणि जादा भार नसतानाही पडते.

तथापि रचनाकारांचा मुख्य मुद्दा अँपिअरचा नाही. त्यांच्या मते आकडा ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा ब्रेकर किंवा फ्यूज कोणाचे रक्षण करणार आहे, आणि कशापासून? स्टार्टरच्या जमान्यात या प्रश्नाचे उत्तर एकच होते, कारण ब्रेकरपासून मोटारीपर्यंत तांब्याची अखंड वाट होती. ड्राइव्ह ती वाट मधोमध तोडतो. मोटारीच्या जादा भाराची काळजी ड्राइव्हमधील इलेक्ट्रॉनिक प्रारूप घेते; मोटारीच्या बाजूला शॉर्ट झाला तर आयजीबीटी स्वतःच्या नियंत्रणाने सुमारे दहा मायक्रोसेकंदांच्या आत बंद होतो, कारण त्यापेक्षा अधिक काळ तो तगू शकत नाही; आणि केबलची निवड इनपुट प्रवाहावर केली असेल तर तिच्या जादा भाराचीही चिंता उरत नाही, कारण ड्राइव्ह ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह ओढतच नाही. पुरवठ्याच्या बाजूच्या फ्यूजकडे मग उरते ते एकच काम, आणि ते अत्यंत गंभीर आहे: येणाऱ्या केबलवर किंवा खुद्द ड्राइव्हच्या पोटात शॉर्ट झाला असता पुरवठा इतक्या लवकर तोडायचा की आग लागू नये आणि पॅनेल फुटू नये.

हा ‘इतक्या लवकर’ किती, हे पाहण्यासाठी त्याच गव्हाणीच्या पॅनेलचा हिशेब जवळून पाहणे उपयुक्त आहे. कारखान्याचा ११ किलोव्होल्टवरून ४३३ व्होल्टवर आणणारा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पाच टक्के इम्पिडन्सचा असेल, तर त्याच्या टर्मिनलवर पक्का तीन-फेज शॉर्ट झाल्यास सुमारे २६.७ किलोअँपिअर वाहतील. तेथून ३५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचे २५ मीटर अंतर धरले तर ड्राइव्हपाशी तो आकडा साधारण १३ किलोअँपिअरवर येतो. प्रवाहाचा वर्ग आणि तो वाहण्याचा काळ यांच्या गुणाकाराला तंत्रज्ञ ‘आय-वर्ग-टी’ म्हणतात. वाटेतील वस्तू किती तापेल याचे ते माप होय. १३ किलोअँपिअर अर्धे आवर्तन, म्हणजे दहा मिलिसेकंद, अडथळ्याविना वाहिले तर हे माप सुमारे १७ लाख भरते. पीव्हीसी आवरणाची ती ३५ चौरस मिलिमीटरची केबल स्वतः सुमारे १ कोटी ६२ लाख इतके सोसू शकते, म्हणजे दहा मिलिसेकंदांत पडणारा ब्रेकर केबलचे रक्षण उत्तम प्रकारे करतो. पण या क्षमतेच्या ड्राइव्हमधील डायोडांची सहनशक्ती हजारांच्या, फार तर काही दहा हजारांच्या घरात असते. आजचे प्रवाह-मर्यादक एमसीसीबी प्रवाहाला शिखरापर्यंत पोहोचू न देता १७ लाखांचा आकडा पुष्कळ खाली आणतात, हे खरे. तरी ते सहसा डायोडांच्या पातळीपर्यंत उतरत नाहीत. तेथवर पोहोचतो तो अर्धवाहकांसाठी खास बनवलेला अतिशीघ्र फ्यूज, ज्याच्यावर ‘एआर’ असे अक्षर-चिन्ह असते. केबलसाठी वापरला जाणारा नेहमीचा ‘जीजी’ वर्गाचा एचआरसी फ्यूज या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

“पण मॅडम,” ज्येष्ठ अभियंते विचारतात, “डायोड शॉर्ट झाला म्हणूनच तर फ्यूज उडणार ना? मग मेलेल्या ड्राइव्हला वाचवण्यासाठी महागडा फ्यूज कशाला?” या प्रश्नात तथ्य आहे, आणि रचनाकार ते मान्य करतात: कोणताही फ्यूज आयजीबीटीला वाचवत नाही, कारण तो मिलिसेकंदांत वितळतो आणि आयजीबीटीचा निकाल मायक्रोसेकंदांत लागतो. परंतु मेलेला ड्राइव्ह किती जागा घेऊन मरतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. डायोड फुटल्यानंतर दोन फेज एकमेकांना भिडलेले असतात, संधारकांत साठलेली ऊर्जा त्यात भर घालते, आणि पुरवठा तुटेपर्यंतचा प्रत्येक मिलिसेकंद वितळलेले तांबे आणि तप्त वायू आवरणाच्या फटींमधून बाहेर ढकलतो. म्हणूनच ड्राइव्हच्या सुरक्षेच्या चाचण्यांत, ज्यांची चौकट आयईसी ६१८००-५-१ या प्रमाणकात आणि अमेरिकेतील यूएलच्या प्रमाणकांत आहे, ठरावीक फ्यूज किंवा ब्रेकर जोडून ड्राइव्ह मुद्दाम बिघडवला जातो आणि आवरणाच्या फटींपाशी वैद्यकीय कापूस ठेवला जातो. तो कापूस पेटला तर जोडी नापास. पुस्तिकेतील फ्यूजच्या तक्त्यामागे अशी चाचणी उभी असते. त्या तक्त्यात अमुक फ्यूज लावल्यास अमुक किलोअँपिअरपर्यंत, असे लिहिलेले असते, आणि त्या अटींपैकी एक जरी बदलली तर उरलेली ग्वाहीही संपते. तक्त्यात नसलेला ब्रेकर अँपिअरने तंतोतंत जुळला तरी त्याच्या बाजूने बोलायला कोणतीही चाचणी नसते. या मुद्द्यावर रचनाकारांची बाजू निर्विवाद ठरते, आणि ज्येष्ठ अभियंत्यांनीही नंतर तिच्यावर वाद घातलेला नाही.

त्यांचा वाद मग फ्यूज या वस्तूवर वळतो, आणि तो कारखान्याच्या जमिनीवरचा वाद आहे. हंगामात रात्री दोन वाजता फ्यूज उडाला आणि भांडारात त्या जातीचा फ्यूज नसला, तर वायरमन हाताशी असेल तो फ्यूज लावतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तार बांधतो. ब्रेकर मात्र पुन्हा चढवता येतो. शिवाय एकच फ्यूज उडाला तर सिंगल फेजिंग होऊन मोटार जळते, असा कारखान्यांचा जुना आणि महागात पडलेला अनुभव आहे. यातील दुसरी भीती ड्राइव्हच्या बाबतीत लागू होत नाही. मोटारीला तीन फेज आयजीबीटीकडून मिळतात. पुरवठ्याचा एक फेज गेला तर एकदिश दाबावरील तरंग ३०० हर्ट्झवरून १०० हर्ट्झवर येऊन मोठा होतो, आणि बहुतेक ड्राइव्ह तो ओळखून स्वतःला थांबवतात. पहिली भीती मात्र खरी आहे, आणि रचनाकारांचे त्यावरील उत्तर काहीसे कठोर आहे: ड्राइव्हच्या आधीचे संरक्षण शॉर्टमुळे पडले असेल तर ते तपासणीशिवाय पुन्हा चढवायचेच नसते, कारण फुटलेल्या दिष्टीकारकावर १३ किलोअँपिअरचा पुरवठा दुसऱ्यांदा सोडणे म्हणजे पहिल्या वेळी जे आवरणाच्या आत राहिले ते बाहेर बोलावणे होय. फ्यूजची गैरसोय, त्यांच्या दृष्टीने, त्या तपासणीची सक्ती करते.

हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनतोड असले तरी अपुरे आहे. रात्रपाळीच्या वायरमनला सक्ती करणारी रचना त्याच्या हाती योग्य फ्यूजचा संचही ठेवते की नाही, यावर तिचे यश अवलंबून असते. तसे नसेल तर ती सक्ती त्याला तारेकडेच ढकलते. ज्येष्ठ अभियंत्यांनी येथे जी अट घातली ती म्हणूनच रास्त म्हटली पाहिजे: ड्राइव्हच्या पुस्तिकेत जीजी फ्यूजचा पर्याय असेल तर तोच घ्यावा, कारण तो कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळतो, पॅनेलच्या दारावर फ्यूजची जात, अँपिअर आणि आकार मराठीत लिहिलेला असावा, आणि तीन फ्यूजचे दोन संच त्याच पॅनेलच्या कप्प्यात असावेत. पुष्कळ उत्पादक आता विशिष्ट एमसीसीबी किंवा मोटार-संरक्षक ब्रेकर यांसह चाचणी केलेले तक्तेही देतात, आणि असा तक्ता उपलब्ध असेल तेथे ब्रेकर लावण्यास रचनाकारांचीही हरकत नाही. हरकत आहे ती ‘तेवढ्याच अँपिअरचा दुसरा’ लावण्याला.

यानंतरचा मुद्दा ज्येष्ठ अभियंत्यांनी काढला, आणि रचनाकारांच्या हिशेबात राहून गेलेली गोष्ट त्याने उघड केली. तो सगळा हिशेब ट्रान्सफॉर्मरच्या भरपूर शॉर्ट-प्रवाहावर उभा होता. “हंगामापूर्वी गव्हाणीची ट्रायल आपण पुष्कळदा २५० केव्हीएच्या डिझेल जनरेटरवर घेतो, मॅडम, तेव्हा तुमचे १३ किलोअँपिअर येणार कुठून?” २५० केव्हीएचा जनरेटर पूर्ण भारावर सुमारे ३४८ अँपिअर देतो, शॉर्ट झाल्यावर पहिल्या काही आवर्तनांत तो दोन-तीन हजार अँपिअर देईल, पण नंतर त्याची उत्तेजन-यंत्रणा साधारण तिप्पट, म्हणजे हजार अँपिअरच्या आसपासच, प्रवाह टिकवू शकते. फ्यूज मोठ्या प्रवाहाला जितका चपळ, तितकाच लहान प्रवाहाला मंद असतो. १०० अँपिअरचा जीजी फ्यूज हजार अँपिअरला सेकंदाच्या काही दशांशांत उडतो, पण कोणी ‘सारखा उडतो’ म्हणून तेथे १६० अँपिअरचा बसवला असेल तर त्याच प्रवाहाला जवळपास पाच सेकंद लागू शकतात, आणि काही उत्पादकांच्या पुस्तिकांत फ्यूज अर्ध्या सेकंदाच्या आत उडाला पाहिजे अशी अट असते. एआर फ्यूजची गोष्ट आणखी नाजूक आहे: तो फक्त मोठे शॉर्ट तोडण्यासाठी बनलेला असून, त्याच्या किमान मर्यादेखालील प्रवाहात तो न तुटता तापत राहून स्वतःच फुटू शकतो. ज्या फ्यूजला रचनाकार सर्वांत सुरक्षित समजत होत्या, तो जनरेटरवर एकटा असल्यास धोक्याचा ठरतो.

हा फटका जुन्या सूत्रालाही तितकाच बसतो, हे रचनाकारांनी लगेच दाखवून दिले. १०० अँपिअरच्या ब्रेकरचे दहापटीचे सेटिंग म्हणजे १००० अँपिअर, आणि प्रमाणकाने त्याला वीस टक्के कमी-अधिक होण्याची मुभा दिलेली असते. म्हणजे जनरेटरच्या हजार अँपिअरला तो कदाचित चुंबकीय यंत्रणेने पडणारच नाही आणि द्विधातू-पट्टी तापण्याची वाट पाहत कित्येक सेकंद घालवील. परंतु दहापटीची गरज मोटारीच्या झटक्यासाठी होती, आणि तो झटका ड्राइव्हने नाहीसा केला आहे. म्हणून तक्त्यातील ब्रेकर बदलण्याजोग्या सेटिंगचा असेल तर ते पाच-सहा पटींवर आणता येते, आणि मग जनरेटरवरही तो वेळेत पडतो. हे उत्तर दोघांपैकी कोणाच्याही मूळ भूमिकेत नव्हते. सर्वांत मोठा शॉर्ट-प्रवाह उपकरणाची तोडण्याची क्षमता ठरवतो आणि सर्वांत लहान शॉर्ट-प्रवाह त्याचे सेटिंग ठरवतो, त्यामुळे दोन्ही टोकांचा हिशेब झाल्याखेरीज अँपिअरचा आकडा कागदावर उतरवू नये, हे प्रस्तुत विवेचनातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र मानावे लागेल. व्यवहारात पहिले टोक कधीतरी पाहिले जाते, दुसरे बहुधा नाही.

जमिनीकडे होणाऱ्या गळतीच्या संरक्षणाबाबत दोघांत फारसे दुमत नाही, फक्त तपशील जपावा लागतो. ड्राइव्हमधील फिल्टर आणि मोटारीकडे जाणाऱ्या लांब केबलची धारिता यांमुळे अर्थिंगच्या तारेतून निरोगी अवस्थेतही काही प्रवाह सतत वाहतो, म्हणून ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षण येथे सारखे पडत राहते. उलट, एकदिश दाबाच्या भागात इन्सुलेशन बिघडल्यास गळतीचा प्रवाह सपाट एकदिश असतो, जो नेहमीच्या ‘एसी’ किंवा ‘ए’ प्रकारच्या उपकरणाचा गाभा संपृक्त करून त्याला आंधळे करतो; तीन फेजच्या दिष्टीकारकाला म्हणून ‘बी’ प्रकारचेच उपकरण लागते, आणि आगीपासून संरक्षण हा हेतू असेल तर ते ३०० मिलिअँपिअरचे घेता येते. ड्राइव्ह आणि एकच मोटार यांच्यामध्ये वेगळा ब्रेकर लागत नाही. एका ड्राइव्हवर अनेक मोटारी असतील तेव्हा मात्र प्रत्येकीला स्वतंत्र ओव्हरलोड रिले हवा, कारण ड्राइव्हला एकूण बेरीजच दिसते, एकट्या मोटारीचा जादा भार दिसत नाही.

गव्हाणीच्या पॅनेलसाठी ठरले ते असे: चोक असलेला आणि दीडपट भार सोसणारा ड्राइव्ह, त्याच्या तक्त्यातील १०० अँपिअरचे जीजी फ्यूज, कुलूप लावता येईल असे स्विच-फ्यूज युनिट, आणि ३५ चौरस मिलिमीटरची केबल. ज्येष्ठ अभियंत्यांचा १०० हा आकडा कायम राहिला, पण तो ज्या कारणांनी कायम राहिला त्यांपैकी एकही त्यांचे मूळ कारण नव्हते. चोक नसता, पॅनेल अधिक तापणारे असते किंवा ड्राइव्ह दुसऱ्या बनावटीचा असता, तर तो बदलला असता.

मतभेद मिटला नाही तो त्याच कारखान्यातील, कंडेन्सरला पाणी देणाऱ्या इंजेक्शन पंपाच्या बाबतीत. तेथे ड्राइव्ह बंद पडला तरी पंप चालू राहिला पाहिजे, म्हणून ड्राइव्हला वळसा घालून मोटार थेट लाइनवर घेणारी बायपासची वाट ठेवायची आहे, आणि या वाटेवर मोटारीचा जुना झटका परत येतो. दोन वाटांची गरज परस्परविरोधी असल्याने एकाच ब्रेकरमध्ये ती बसवता येत नाही. मूळ वाटेवर दहा-बारा पटींच्या सेटिंगचा एमसीसीबी, ड्राइव्हच्या फांदीवर तक्त्यातील फ्यूज, बायपासच्या फांदीवर स्वतंत्र ओव्हरलोड रिले, आणि दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले जाऊ नयेत म्हणून यांत्रिक इंटरलॉक, एवढ्यावर दोघांचे एकमत झाले. वाद उरला तो बदल आपोआप व्हावा की माणसाने करावा, याचा. ज्येष्ठ अभियंत्यांना तो आपोआप हवा आहे, कारण कंडेन्सरचे पाणी थांबून निर्वात तुटला की साखरेच्या पॅनची उकळी तुटते. रचनाकारांचा याला विरोध आहे. ड्राइव्ह पडण्याचे कारण मोटारीतला किंवा तिच्या केबलमधला शॉर्ट असेल, तर आपोआप होणारा बायपास तोच बिघाड, जो ड्राइव्हने दहा मायक्रोसेकंदांत रोखला होता, थेट ट्रान्सफॉर्मरच्या हजारो अँपिअरवर नेऊन ठेवील. यात रचनाकारांचे पारडे जड आहे, मात्र सरसकट नाही: ड्राइव्ह आपल्या पडण्याचे कारण वेगवेगळ्या संकेतांनी सांगू शकतो, त्यामुळे अति-प्रवाह आणि जमीन-दोष या दोन कारणांनी तो पडला असता बायपासला कुलूप बसावे आणि पंख्याचा, तापमानाचा किंवा नियंत्रण-कार्डाचा दोष असेल तेव्हाच तो आपोआप व्हावा, अशी मधली वाट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. नियंत्रण-कार्डच बिघडले असेल तर ते सांगत असलेल्या कारणावर विश्वास ठेवावा का, हा रचनाकारांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्यावर ज्येष्ठ अभियंत्यांनी बायपासपूर्वी मोटारीचे इन्सुलेशन तपासणारा रिले बसवण्याची सूचना केली आहे.